स्प्रिंग, तेल आणि ताबा

डोंगरातून वळणे घेत जाणाऱ्या रस्त्याला जपानी माणूस 'तोगे' म्हणतो. आपण घाट म्हणतो आणि आपल्यापैकी निम्म्या घरांत त्यालाच 'घट्ट' म्हणतात. शब्द तीन, पण आंधळ्या वळणावर पोटात येणारा गोळा एकच! जपानमधल्या अशाच घाटांत आणि शर्यतीच्या मैदानांवर एक विलक्षण खेळ वाढीस लागला. त्याचे नाव ड्रिफ्टिंग. या खेळात गाडीची मागची चाके मुद्दाम घसरवायची, गाडी आडवी होऊ लागली की स्टिअरिंग वळणाच्या उलट बाजूला फिरवायचे आणि ॲक्सिलरेटरच्या पायाने तोल सांभाळत अख्खे वळण तसेच तिरके पार करायचे. इथे सर्वांत आधी पोहोचणारा जिंकतोच असे नाही. गाडीचा कोन किती, ठरवलेल्या मार्गावरून ती किती नेमकी गेली आणि किती डौलात गेली, यावर परीक्षक गुण देतात.

वाचकहो, या सदरात एकदम हा विषय कुठून आला, असे तुम्हाला वाटेल. शहापूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा इंजिनिअर होऊन अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरीला आहे. त्याने तिथे निसानची एक जुनी दोन दारी गाडी घेतली आहे आणि सुट्टीच्या दिवशी तो ती बंदिस्त ट्रॅकवर नेतो. त्या लिहितात, "परवा फोनवर म्हणाला, आई, आता कॉइलओव्हर घेतोय, हजार डॉलर लागतील. मी विचारलं, ते काय असतं? तर म्हणे, तुला नाही कळणार. सर, मला कळेल असं सांगा. आणि ते धोक्याचं आहे का तेही सांगा."

'तुला नाही कळणार' हे वाक्य हल्ली घरोघरी ऐकू येते आणि बहुतेक वेळा ते खरे नसते. बारा बैलांची दावण सांभाळलेल्या घरातल्या बाईला, तांदळाची पोती भरताना गाडी मागे किती दबली ते नुसत्या नजरेने ओळखणाऱ्या घरातल्या बाईला, स्प्रिंग का कळू नये? तेव्हा या लेखात पत्राच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो.

थोडा इतिहास

कुनिमित्सु ताकाहाशी हे मूळचे मोटरसायकलचे शर्यतपटू. १९६१ साली पश्चिम जर्मनीत होंडाच्या २५० सीसी मोटरसायकलवर त्यांनी जागतिक दर्जाची ग्रां प्री शर्यत जिंकली. असे यश मिळवणारे ते पहिले जपानी. पुढे ते मोटारींकडे वळले आणि १९७० च्या दशकात वळणात गाडी घसरवत नेण्याची त्यांची शैली जपानी तरुणांना भुरळ घालू लागली. त्यांतलाच एक केइची त्सुचिया. टोयोटाच्या 'एई८६' या साध्यासुध्या, हलक्या गाडीवर त्याने हे कसब घाटात घोटले. १९८७ साली 'प्लस्पी' नावाची त्याची व्हिडिओफीत निघाली आणि तो 'ड्रिफ्ट किंग' म्हणून ओळखला जाऊ लागला. १९९५ पासून शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' ही चित्रकथा आली आणि घरी डिलिव्हरीची गाडी चालवणारा पोरगा त्याच एई८६ वर घाट गाजवतो हे जपानभर वाचले गेले. अमेरिकेत २००४ पासून 'फॉर्म्युला ड्रिफ्ट' ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली आणि २००६ साली आलेल्या 'टोकियो ड्रिफ्ट' या हॉलिवूडपटाने हे वेड आपल्या कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत आणले.

या खेळासाठी गाडीचे इंजिन मागची चाके फिरवणारे असावे लागते. आपल्याकडच्या अँबेसिडर, प्रीमियर पद्मिनी, कॉन्टेसा या गाड्या तशा होत्या. आज आपल्या दारात उभ्या असलेल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. त्या गाड्यांत हँडब्रेक ओढून क्षणभर मागचा भाग फेकता येतो, पण ॲक्सिलरेटरने घसरण टिकवून धरणे, म्हणजे खरे ड्रिफ्टिंग, त्यांना जमत नाही. निसान सिल्व्हिया ही मागच्या चाकांवर चालणारी, वजनाने सुमारे १,२०० किलो आणि तेव्हा स्वस्तात मिळणारी. म्हणून ती या खेळाची लाडकी झाली. अमेरिकेत ती '२४०एसएक्स' नावाने १९९० च्या दशकात विकली गेली. पत्रातली गाडी तीच असावी.

कॉइलओव्हर म्हणजे काय?

बैलगाडीला, म्हणजे एत्तिन गाडीला, स्प्रिंग नसते. चाकाखाली आलेला दगड थेट आपल्या मणक्याला कळतो. टांग्याला कमानीचे पाटे आले आणि बसणे सुसह्य झाले. पण नुसत्या स्प्रिंगमध्ये एक खोड असते. ती दबते, उसळते, पुन्हा दबते आणि झोपाळ्यासारखी हलतच राहते. हे हलणे थांबवायला शॉक ॲब्सॉर्बर लागतो. आपल्या गॅरेजवाल्यांच्या भाषेत 'शॉकअप'. तेलाने भरलेल्या नळीत एक दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व पातळ चकत्यांच्या झडपा असतात. दट्ट्या हलायचा तर तेलाला त्या चिंचोळ्या वाटेने जावे लागते. त्यात हालचालीची शक्ती खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणाऱ्या आपल्या मंडळींना हे नव्याने सांगायला नकोच. शॉकअप म्हणजे त्यांच्याच कामाचा धाकटा भाऊ!

कॉइल म्हणजे गुंडाळलेली स्प्रिंग. ती शॉकअपच्या अंगावरून बसवली की झाला कॉइलओव्हर. विशेष म्हणजे या नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंग ज्या कड्यावर टेकते ते कडे पान्याने वरखाली फिरवता येते. त्यामुळे गाडीची उंची बदलता येते. माथ्यावर एक छोटी खुंटी असते, ती फिरवली की तेलाची वाट अरुंद किंवा रुंद होते. म्हणजेच उंची, स्प्रिंग आणि तेलाचा अटकाव या तीन गोष्टी चालवणाऱ्याच्या हातात येतात. हजार डॉलर मोजायचे ते यासाठी.

स्प्रिंग किती कडक?

शाळेतला हूकचा नियम आठवा. स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणात तिचा जोर वाढतो. जपानी पद्धतीत स्प्रिंगची ताकद 'किलो प्रति मिलिमीटर' अशी सांगतात. दोनची स्प्रिंग म्हणजे दोन किलोने एक मिलिमीटर दबणारी. घरगुती गाडीची स्प्रिंग साधारण याच पट्ट्यात असते. सिल्व्हियाच्या ड्रिफ्ट कॉइलओव्हरमध्ये मात्र पुढे आठ आणि मागे सहा ही नेहमीची जोडी.

आता छोटा हिशेब करू. पुढच्या एका चाकावर, चाकाचे स्वतःचे वजन वगळून, सुमारे २९५ किलो भार आहे असे धरू. दोनची स्प्रिंग या भाराने १४७ मिलिमीटर दबेल, आठची फक्त ३७. धक्का बसल्यावर गाडी सेकंदाला किती वेळा झुलेल हेही यावरून निघते. पहिलीत सुमारे १.३ वेळा आणि दुसरीत २.६ वेळा. माणसाच्या शरीराला चालण्याच्या लयीजवळचा, सेकंदाला एक-दीड वेळांचा झोका सोसतो. त्याच्या दुप्पट वेगाचा झोका म्हणजे हादरे. चाक अचानक ५० मिलिमीटर वर उचलले गेले तर पहिली स्प्रिंग गाडीला १०० किलोचा जादा धक्का देईल, दुसरी ४०० किलोचा. शर्यतीच्या गुळगुळीत मैदानावर हे चालते. रोजच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर पाठीचे आणि गाडीच्या सांध्यांचे काय होईल ते सांगायला नको.

मग कडक स्प्रिंग घ्यायचीच कशाला? कारण ड्रिफ्टमध्ये गाडीचे वजन क्षणात एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाते. स्प्रिंग मऊ असेल तर गाडी आधी झुकते, मग उशिरा वळते आणि चालवणाऱ्याला तोवर वाट पाहावी लागते. कडक स्प्रिंगने उत्तर लगेच मिळते. पण कडकपणाचा अतिरेक झाला तर तेही वाईट. चाक रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी उड्या मारू लागते आणि मागच्या चाकांची पकड गेली की गाडी पुढे ढकलली जात नाही, जागीच गरगरते. ड्रिफ्टिंग म्हणजे पकड नसणे, असा अनेकांचा समज असतो. उलट आजचे कसलेले चालक मागच्या टायरची पकड वाढवण्यासाठीच धडपडतात. म्हणून मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा मऊ ठेवतात.

इथे एक बारकावा आहे. स्प्रिंगचा आकडा म्हणजे चाकापाशी मिळणारा आकडा नव्हे. मागची स्प्रिंग चाकापासून थोडी आत बसलेली असते. समजा, चाक दहा मिलिमीटर उचलले तेव्हा स्प्रिंग आठच मिलिमीटर दबली, तर हे गुणोत्तर ०.८. त्याचा वर्ग ०.६४. म्हणजे सहाची स्प्रिंग चाकापाशी ३.८ चेच काम करते. दुसऱ्या गाडीच्या स्प्रिंगचा आकडा आपल्या गाडीला जसाच्या तसा लावू नये, तो यासाठी.

तेलाचा अटकाव

शॉकअपची कामे दोन. दबताना अटकाव करणे आणि उसळताना अटकाव करणे. स्वस्त संचात बहुधा एकच खुंटी असते. महागड्या संचात दोन्हींसाठी वेगळी सोय असते. खुंटीला बत्तीस टिचक्या आहेत की सोळा, याची जाहिरात फार होते. पण टिचक्या मोजून शॉकअप निवडणे म्हणजे बटणे मोजून रेडिओ घेण्यासारखे आहे. पाहायचे ते हे की प्रत्येक टिचकीने खरोखर फरक पडतो का आणि चारही शॉकअप सारखेच वागतात का. चांगले उत्पादक यंत्रावर चाचणी घेऊन त्याचा आलेख देतात. तो मागावा. शिवाय झडपा त्या स्प्रिंगला साजेशा असाव्यात. आठच्या स्प्रिंगसाठी बनलेल्या शॉकअपवर उद्या बाराची स्प्रिंग चढवली तर उसळी आवरायला तेल कमी पडेल.

शॉकअपच्या रचनेतही दोन घराणी आहेत. एकात नळीत नळी असते. दुसऱ्यात एकच जाड नळी, तेल आणि त्याच्यापासून सरकत्या दट्ट्याने वेगळा ठेवलेला दाबाखालचा नायट्रोजन वायू असतो. एकनळी शॉकअपची उष्णता लवकर बाहेर जाते, वायू व तेल मिसळून फेस होत नाही, म्हणून खूप वेळ चालणाऱ्या सरावाला तो बरा. दोन नळ्यांचा शॉकअप बाहेरून चेपला तरी सहसा काम करत राहतो आणि चालीला मऊ असतो. जपानची टाइन, तैवानची बीसी रेसिंग, स्वीडनची ओलिन्स अशी या धंद्यातली नावे आहेत. पण नावापेक्षा एक प्रश्न मोठा: दोन वर्षांनी तेलाची गळती लागली तर सुटे भाग मिळतील का आणि उघडून दुरुस्त कोण करील? जो शॉकअप उघडून पुन्हा भरता येतो तो आधी महाग वाटतो, पण शेवटी स्वस्त पडतो.

उंची आणि कोन

उंची बदलण्याच्या पद्धतीही दोन. साध्या प्रकारात स्प्रिंगचे कडे खाली घेतले की गाडी खाली येते, पण त्याबरोबर शॉकअपची दबण्याची जागाही कमी होते. दुसऱ्या प्रकारात शॉकअपचा तळाचा भागच वेगळा फिरतो, त्यामुळे जागा कमी न होता उंची बदलते. ड्रिफ्टसाठी हा दुसरा प्रकार पसंत करतात. जाता जाता एक गैरसमज दूर करतो. कडे वर फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली म्हणजे ती कडक होते, असे अनेक गॅरेजांत सांगतात. सरळ स्प्रिंग तशी कडक होत नाही. हूकचा नियम गॅरेजमध्येही बदलत नाही. बदलते ती उंची आणि दबायला-उसळायला उरलेली जागा.

गाडी जितकी खाली तितकी चांगली, हाही असाच समज. गाडी अतिखाली आणली की चाक धरणाऱ्या दांड्यांचे कोन बिघडतात. सिल्व्हियाच्या पुढच्या बाजूसारख्या रचनेत गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. परिणामी गाडी खाली असूनही जास्त झुकू पाहते. दिसायला वाघ, चालायला शेळी!

कॉइलओव्हरच्या माथ्यावरची सरकती पट्टी हा ड्रिफ्टसाठी महत्त्वाचा भाग. तिने पुढचे चाक वरच्या बाजूने आत कलते करता येते. ड्रिफ्टमध्ये हा कल तीन ते पाच अंशांपर्यंत ठेवतात. कारण मोठे गमतीचे आहे. नेहमीच्या वळणात भार बाहेरच्या चाकावर येतो आणि स्टिअरिंगच्या रचनेमुळे तेच चाक वरून आत कलते, म्हणजे टायर रस्त्यावर नीट टेकतो. ड्रिफ्टमध्ये गाडी उजवीकडे वळत असते, पण चाके डावीकडे वळलेली असतात. भार डाव्या चाकावर, आणि नेमके तेच चाक उलट, बाहेरच्या बाजूला कलू लागते. आधीच दिलेला आतला कल हा बिघाड भरून काढतो. मागच्या चाकांना मात्र जवळजवळ सरळ ठेवतात, कारण तिथे पूर्ण टायर जमिनीला टेकलेला हवा.

शेवटची जुळणी वजनकाट्यांवर करावी. चारही चाकांखाली काटे ठेवायचे, चालवणारा जागेवर बसलेला असावा आणि कडी फिरवत कर्णातली वजने सारखी आणायची. चारपायी खाटेचा एक पाय आखूड असला की खाट डुगडुगते, तसेच हे. मिशिगनसारख्या बर्फाच्या प्रदेशात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने आटे गंजून कडी जाम होतात. त्यामुळे तिथल्या मुलाने गंजरोधक लेप असलेली नळी घ्यावी आणि आटे दर ऋतूला साफ करावेत.

धोक्याचे आहे का?

आता भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. कॉइलओव्हर स्वतः धोक्याचा नाही. नीट बसवला तर तो ताबा वाढवणारीच वस्तू आहे. धोका असतो तो क्रम चुकण्यात. तीस वर्षांच्या गाडीचे रबरी बुश झिजलेले, बॉल जॉइंट ढिले, ब्रेकचे तेल जुने आणि त्यावर नवा कोरा कॉइलओव्हर, म्हणजे कुजक्या वाशांवर नवी कौले. म्हणून मुलाला रागावण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. बुश आणि सांधे बदललेस का? ब्रेक आणि टायर कसे आहेत? हेल्मेट, घट्ट बसणारी सीट आणि पट्टा आहे ना? ज्या मैदानावर जातोस तिथे अँब्युलन्स आणि आग विझवणारी माणसे असतात ना? या चारही प्रश्नांना 'हो' आले, तर आईने निर्धास्त नसले तरी समाधानी राहायला हरकत नाही. आणि हे प्रश्न ऐकल्यावर 'तुला नाही कळणार' हे वाक्य पुन्हा येणार नाही, याची मी हमी देतो.

मला जास्त काळजी वाटते ती इथल्या मुलांची. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून कुणी स्प्रिंगचे वेटोळे कापून गाडी खाली करतो. कापलेली स्प्रिंग आखूड होते, काहीशी कडक होते आणि उसळीच्या वेळी जागेवरून निसटू शकते. जुना शॉकअप तिला आवरू शकत नाही. मग रात्री कुणी चोर्ल्याच्या नाहीतर आंबोलीच्या घाटात 'तोगे' शोधायला जातो. तिथे समोरून भाजीचा टेम्पो येतो, गोव्याची बस येते, दुचाकीवरून लेकराला मध्ये बसवून चाललेले जोडपे येते. जपानमध्येही घाटातल्या अशा प्रकारांवर पोलिसांनी बडगा उगारला. केइची त्सुचियालाही बेकायदा शर्यतींपायी शर्यतीचा परवाना काही काळ गमवावा लागला होता. खेळ मोठा झाला तो घाट सोडून मैदानावर आल्यानंतर.

आपला कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने ठरवलेल्या व नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्त्यावरच्या शर्यतीला वेगळी शिक्षा आहे.

पण नुसते 'नको' म्हणून तरुण रक्त ऐकत नाही, हे पालकांना आणि आम्हा शिक्षकांनाही ठाऊक आहे. हौसेला वाट काढून द्यावी लागते. कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, कोइम्बतूर आणि चेन्नईजवळ शर्यतीची मैदाने आहेत. इंजिनिअरिंगची मुले 'बाहा' स्पर्धेसाठी स्वतः गाडी बांधतात, तिची स्प्रिंग आणि शॉकअप स्वतः हिशेब करून निवडतात. वर केलेले सगळे गणित तिथे उपयोगी पडते आणि उद्या नोकरीतही पडेल. ज्या गावात लेथवर हात बसलेली आणि व्हॉल्व्ह घडवणारी पिढी आहे, त्या गावातला मुलगा उद्या शॉकअप घडवणाराही होऊ शकतो.

आपल्या भागात मराठी आणि कन्नड दोन्हींनी सारखाच वापरलेला एक शब्द आहे: 'सावकाश'. मराठी आजी म्हणते, सावकाश जा. कन्नड अज्जी म्हणते, सावकाश होगप्पा. घाटाच्या पायथ्याशी पाटीवर 'निधानवागि चलिसि' लिहिलेले असते, त्याचाही अर्थ तोच. मैदानावर गाडी हवी तेवढी आडवी करावी. घाटात मात्र ती सरळच असू द्यावी.